एक लाइन, दोन कॉम्प्युटर आणि मधल्या दाराची कडी

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या आत्याचं जुनं घर आहे. खाली सोप्यात मामांचा कॉम्प्युटर. लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचे हिशेब, जीएसटी, बँक, सगळं त्यावर. वर माडीवर आतेबहिणीचा लॅपटॉप, तिचं ऑफिस घरूनच चालतं. नेटची लाइन एकच, तीही सोप्यात येऊन थांबलेली. बहीण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढायची आणि डेटा संपला की खाली येऊन मामांना झोपेतून उठवायची. मामांची दुपारची झोप हा त्या घरातला नाजूक विषय. शेवटी मला बोलावणं आलं, "ये की बाबा, तेवढं नेट वर चढवून दे."

नेट वर चढवायला अर्धा तास पुरला. पुढचे दोन तास गेले ते मामांनी जाता जाता विचारलेल्या एका प्रश्नात: "काय रं, माझे हिशेब वरनं कुणाला दिसणार न्हाईत न्हवं?" प्रश्न एकदम बरोबर होता. नेट वाटून घेणं वेगळं आणि एकमेकांच्या कॉम्प्युटरात शिरायची वाट मोकळी करणं वेगळं. पहिलं करताना नकळत दुसरंही होऊन जातं. म्हणून इथे जोडणी थोडक्यात सांगतो आणि कड्या-कोयंडे जरा सविस्तर.

लाइन घरात कशी आलीय

खांबावरून आलेली वायर नीट बघा. बारीक, कडक, मुडपली की तुटणारी वायर असेल तर ती फायबर. ती एका डबीत जाते. लाइनवाले तिला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. हल्लीच्या बऱ्याच डब्यांना अँटेना असतात, मागे लॅनची, म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरच्या वायरीची, दोन-चार तोंडं असतात. म्हणजे एक लाइन सगळ्यांना वाटून देणारा राउटर डबीतच आहे, तुम्हाला नवीन काही आणायची गरज नाही. डबीला लॅनचं एकच तोंड असेल आणि अँटेना नसेल, तर राउटर वेगळा घ्यावा लागण्याची शक्यता जास्त; आधी लाइनवाल्याला विचारा. काही घरांत अजून जुनी पद्धत आहे: लॅनची वायर थेट कॉम्प्युटरात, आणि रोज यूजरनेम-पासवर्ड टाकून 'कनेक्ट' दाबायचं. तिथे तर राउटर लागणारच.

दुकानात जाऊन "एका लाइनवर दोन कॉम्प्युटर चालवायचेत" म्हटलं की कधीकधी पाच तोंडांचा स्विच हातात पडतो. तो राउटरपेक्षा स्वस्त असतो आणि दिसायलाही तसाच. पण स्विच नुसते फाटे फोडतो. लाइनवाल्याने पत्ता एकच दिलेला असेल तर स्विच लावून एक कॉम्प्युटर चालेल, दुसरा तोंड बघत बसेल. राउटरची तोंडं कमी पडली तर त्याच्या पुढे स्विच लावायला हरकत नाही, त्याच्या जागी मात्र नाही.

राउटर करतो काय? जुन्या वाड्यात पाच बिऱ्हाडं असली तरी पोस्टाचा पत्ता एकच. पोस्टमन दिंडी दरवाजात पत्रं देऊन जातो आणि कुठलं पत्र कुणाचं, हे सोप्यात बसलेल्या आजोबांना पाठ असतं. राउटर म्हणजे ते आजोबा. लाइनवाल्याकडून आलेला पत्ता तो स्वतःकडे ठेवतो आणि आतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक घरगुती पत्ता देतो, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा. असे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत; ते घराबाहेर चालत नाहीत. आतून कुणी काही मागवलं तर आजोबा लक्षात ठेवतात आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच खोलीत पोहोचवतात. न मागवता काही आलं तर दारातूनच परत.

फक्त आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत प्रत्येक कॉम्प्युटरला बाहेरही चालणारा स्वतःचा पत्ता मिळू शकतो. तिथे आजोबांची यादी कामाला येत नाही, राउटरची फायरवॉल तेवढी राखण करते. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये फायरवॉल चालू आहे ना, हे बघाच. "गेम अडतो" म्हणून पोरांनी ती बंद केलेली मी पाहिली आहे.

वायर जोडताना

बाहेरून आलेली वायर राउटरच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या तोंडात जाते. त्याचा रंग बहुधा बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो. घरातले कॉम्प्युटर 'लॅन' लिहिलेल्या तोंडात किंवा वाय-फायवर.

हे एवढं बजावून सांगतोय, कारण मी स्वतः एकदा चुकलोय. तेव्हा आमच्याकडे लाइनवाल्याची वायर थेट लॅनची होती आणि पत्ता आपोआप मिळायचा. मी ती घाईत वॅनऐवजी लॅनच्या तोंडात खुपसली. झालं असं की माझ्या राउटरने माझ्याच घराचं नव्हे, तर त्या वायरवर असलेल्या सगळ्यांचं आजोबापण स्वीकारलं आणि शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरना पत्ते वाटायला लागला. अर्ध्या गल्लीचं नेट गेलं. संध्याकाळी लाइनवाल्याचा पोरगा एकेक घर शोधत आमच्या दारात आला, वायर एका तोंडातून काढून दुसऱ्यात घातली आणि माझ्याकडे असं बघून गेला की पुढचे आठ दिवस मी त्या चौकात चहाला गेलो नाही.

जोडल्यावर राउटर आणि डबी दोन्ही बंद करा, मिनिटभर थांबा, आधी डबी चालू करा, मग राउटर. नेट आलं नाही तर दोन शक्यता आधी तपासा. एक, यूजरनेम-पासवर्डवाली लाइन असेल तर तो आता कॉम्प्युटरात नाही, राउटरच्या 'पीपीपीओई' या रकान्यात टाकायचा. दोन, काही लाइनवाले कनेक्शन तुमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला बांधून ठेवतात. राउटर त्यांना परका वाटतो. फोन करून "मॅक (म्हणजे त्या कार्डाचा नंबर) बदललाय, नवीन घ्या" म्हणायचं, काम होतं.

आता वायर. आत्याच्या घराच्या भिंती दीड-दोन फुटी, दगडामातीच्या. वाय-फाय खालून वर जाता जाता दम तोडतो, त्यात ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तर जिन्यापर्यंतही पोहोचेना. २.४ गिगाहर्ट्झचा भिंत जरा बरी ओलांडतो, पण वेग कमी आणि शेजारच्या वाय-फायशी भांडण जास्त. अशा घरात सरळ जिन्याच्या कडेने लॅनची वायर वर न्यावी. कॅट ५ई किंवा कॅट ६ची, १०० मीटरच्या आत कितीही. वायर शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते आणि वर्षा-दोन वर्षांत डोकं खाते.

टोकाला क्लिप बसवून घेताना आत आठ तारा असतात. दोन्ही टोकांना क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० एमबीपीएसपर्यंत यातल्या चारच तारा कामाला येतात, त्यापुढच्या गिगाबिट वेगाला आठही लागतात. त्यामुळे प्लॅन दोनशेचा, राउटर-कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे, आणि वेग मात्र नव्वद-पंच्याण्णवलाच अडतोय असं दिसलं, तर लाइनवाल्याला शिव्या द्यायच्या आधी क्लिप पुन्हा मारून बघा. एखादी तार आत पोहोचलेली नसते.

राउटरला कुलूप

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नक्की कुठला ते राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर असतं. (टाइप करताना इंग्रजी आकडे. मामांनी खरंच मराठीत टाकले होते.) आत गेल्यावर पुढची कामं एकदाच करायची आहेत, पण टाळायची नाहीत.

पहिलं म्हणजे राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा. बऱ्याच ठिकाणी तो अजून 'ॲडमिन-ॲडमिन' असतो. तो ज्याला माहीत, तो तुमचं सगळं नेट पाहिजे तिकडे वळवू शकतो. तुम्ही बँकेचं नाव टाकाल आणि पान भलतंच उघडेल.

मग वाय-फाय. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ ठेवा. जुनी उपकरणं त्यावर जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए२, एईएस. डब्ल्यूईपी नावाचा प्रकार दिसला तर हातही लावू नका, तो २००१ मध्येच फुटलाय. पासवर्ड निदान बारा अक्षरी. मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, देवाचं नाव आणि पुढे १२३, हे शेजारचं शेंबडं पोरही पहिल्या फटक्यात ओळखतं. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, लक्षात राहतात आणि फोडायला अवघड जातात.

पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडून देणारं डब्ल्यूपीएस नावाचं बटण सेटिंगमधून बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, म्हणून कोट्यवधींऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडतो. ही खोट २०११ मध्ये उघड झाली, तरी बटण अजून जिथे तिथे आहे. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय, स्वतःहून चालू केलेलं असेल तर बंद. 'यूपीएनपी' माझ्या मते बंदच बरं. त्याच्या जोरावर घरातलं कुठलंही उपकरण आजोबांना न विचारता बाहेरचं दार उघडू शकतं. एखादा गेम कुरकुरला तर तेव्हाचं तेव्हा बघू. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट दाखवत असेल तर करून घ्या, मात्र लाइट जायच्या वेळेला नाही. अपडेट अर्ध्यात तुटलं तर राउटर कायमचा झोपू शकतो.

आणि 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. पाव्हणे, टीव्ही, कॅमेरा या सगळ्यांना तिकडची वाट दाखवा. बहुतेक राउटरमध्ये त्यांना नेट मिळतं, पण आतली माणसं दिसत नाहीत. 'लोकल नेटवर्क ॲक्सेस' असा पर्याय दिसला तर तो बंद आहे याची खात्री करा.

शेजारच्यांना पासवर्ड द्यायचा का? कोल्हापुरात नाही म्हणणं जड जातं, मला कळतं. पण कनेक्शन तुमच्या नावावर आहे. त्यावरून कुणी काही भलतं केलं, तर तपास करणारे पहिल्यांदा तुमचंच दार वाजवतात. आलेल्याला चहा द्या, नेट नको.

मधल्या दाराची कडी

आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर. एका राउटरवर आलेले दोन कॉम्प्युटर एकाच वाड्यातल्या दोन खोल्यांसारखे असतात. आजोबा बाहेरच्याला अडवतात. आतल्या आत कोण कुठे फिरतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. लॅपटॉपवर एखादी घाण आली तर सोप्यातल्या कॉम्प्युटरपर्यंत यायला तिला दिंडी दरवाजा लागतच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने हेच केलं. विंडोजच्या फाइल वाटायच्या जुन्या पद्धतीतल्या खोटीतून तो एका कॉम्प्युटरवरून जवळच्या दुसऱ्यावर आपोआप जायचा आणि फाइली कुलूपबंद करून पैसे मागायचा. दीडशेच्या आसपास देशांत तो पसरला. त्या खोटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. अपडेट न केलेले भरडले गेले.

म्हणून दोन्ही कॉम्प्युटरवर, सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा, आपलं कनेक्शन निवडा आणि त्याचा प्रकार 'पब्लिक' आहे का ते बघा. पब्लिक म्हटलं की लोक दचकतात, "म्हणजे सगळ्यांना खुलं?" उलट. पब्लिक म्हणजे 'मी परक्या ठिकाणी आहे, मला लपव'. प्रायव्हेट म्हणजे 'घरचीच माणसं आहेत, दिसलो तरी चालेल'. दोघांना फक्त नेट हवंय, फाइलींची देवघेव नाही, तर दोन्हीकडे पब्लिक ठेवा आणि विंडोजची फायरवॉल चालू. बऱ्याच घरांचं काम इथेच संपतं.

मामांच्या घरी संपलं नाही, कारण बहिणीला महिन्याची बिलं बघून द्यायची असतात. मग सोप्यातला कॉम्प्युटर प्रायव्हेट केला आणि कडी अशी लावली: मामांच्या कॉम्प्युटरवर बहिणीच्या नावाचं वेगळं खातं उघडलं, साधं, ॲडमिनचं नाही. त्याला पासवर्ड दिला. बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. मग 'बिलं' नावाचं एकच फोल्डर, त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि यादीतून फक्त तिचं नाव. हक्क 'रीड', म्हणजे बघता येईल, बदलता येणार नाही. उद्या लॅपटॉपवर फाइली कुलूपबंद करणारं काही आलं, तर त्या वाटेने या फोल्डरला ते हात लावू शकणार नाही. यादीत 'एव्हरीवन' असं नाव भुरळ घालतं, एका क्लिकमध्ये सगळं चालतं. ते निवडू नका. अख्खा डी ड्राइव्ह तर कधीच वाटू नका. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालूच हवं.

जुना प्रिंटर किंवा जुनी हार्ड डिस्क दिसत नसली की कुणीतरी सांगतं, "एसएमबी १ चालू कर." फाइल वाटायची ती जुनी पद्धत म्हणजे हीच, वॉनाक्राय शिरला ती वाट. प्रिंटर यूएसबीने लावा, पण ती वाट उघडू नका.

दोघांतला एक कॉम्प्युटर जुना असतोच. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तसा कॉम्प्युटर घरात असेल आणि लगेच बदलणं जमत नसेल, तर निदान त्याला गेस्ट नेटवर्कवर ठेवा आणि त्यावर बँक उघडू नका. आणि हिशेबांची एक प्रत महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क उपसून कपाटात. कायम लावून ठेवलेली डिस्क कॉम्प्युटरबरोबरच बुडते.

राउटर नसेल तर

डोंगल किंवा मोबाइलचं नेट एका कॉम्प्युटरवर आहे आणि दुसऱ्याला द्यायचंय, तर सगळ्यात सोपी वाट म्हणजे विंडोजचा 'मोबाइल हॉटस्पॉट'. सेटिंग्जमध्ये चालू करा, पासवर्ड द्या, झालं. दुसऱ्या कॉम्प्युटरला वाय-फाय नसेल तर दोघांमध्ये एक लॅन वायर टाका. पूर्वी यासाठी उलटी, म्हणजे क्रॉस वायर लागायची. गिगाबिट कार्डं साधी वायरही चालवून घेतात. मग नेट असलेल्या कॉम्प्युटरवर कंट्रोल पॅनलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये नेट येणाऱ्या कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि पहिल्या चौकोनात खूण. खाली दुसरा चौकोन असतो, दुसऱ्याला हे कनेक्शन चालू-बंद करू देणारा. तो मोकळाच ठेवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पत्ता 'आपोआप' ठेवला की त्याला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता मिळतो.

ही सोय विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे, पण मला ती फारशी आवडत नाही. पहिला कॉम्प्युटर बंद झाला किंवा झोपला की दुसऱ्याचं नेट गेलं. शिवाय रीस्टार्ट केल्यावर कधीकधी ती खूण काढून पुन्हा करावी लागते. चार दिवसांची गरज असेल तर ठीक, कायमसाठी राउटरच घ्या.

चालतंय का ते बघणं

दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाइप करा, इंग्रजी अक्षरांत. दोघांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होत असतील आणि फक्त शेवटचा आकडा वेगळा असेल, तर दोघं एकाच घरात आहेत. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या कॉम्प्युटरला आजोबा भेटलेच नाहीत: वायर, क्लिप किंवा वाय-फायचा पासवर्ड बघा. तिसरा आकडाही वेगळा असेल, म्हणजे एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०, तर बहुधा डबीतला राउटर आणि तुमचा राउटर असे दोन आजोबा झालेत. एक कॉम्प्युटर एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. नेट चालतं, पण फोल्डर सापडत नाही. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडा. एकमेकांना 'पिंग' करून, म्हणजे कमांडने हाक मारून, उत्तर आलं नाही तर घाबरू नका, फायरवॉल बहुधा पिंगला उत्तर देत नाही.

वेगाबद्दल एकच. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, शंभर नाही. दोघांच्या कामाला तेवढं भरपूर आहे. बहिणीची मीटिंग अडकली तर आधी बघा, कुणाचे तरी लग्नातले फोटो वर चढत असतील.

वळीव आणि पूर

फायबरच्या काचेतून वीज येत नाही. पण गच्चीवरून, खांबावरून घरात आलेली तांब्याची लॅन वायर असेल तर एप्रिल-मेच्या वळवात ती राउटर आणि कॉम्प्युटरचं कार्ड दोन्ही जाळू शकते. गडगडायच्या आधी, आभाळ भरून आलं की राउटरचा प्लग आणि बाहेरची वायर दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. भिंतीतून आत येताना वायरीला बाहेर खालच्या बाजूला एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, आत ओघळत येत नाही.

पंचगंगेच्या पुराचं पाणी २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात आलं, त्यांना सांगायला नकोच: डबी, राउटर आणि त्यांचा प्लग खाली टेबलामागे ठेवू नका, माणसाच्या डोक्याच्या वर भिंतीवर ठोका. उंचावर वाय-फायही बरा पसरतो, फक्त लोखंडी कपाटाच्या आड नको. लाइट गेल्यावर काम चालू राहावं असं वाटत असेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. घेताना तुमच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते वाचून जा, आणि डबी वेगळी असेल तर तिलाही तो पुरेल का हे दुकानदाराला विचारा. मी विचारलं नव्हतं. लाइट गेली तेव्हा राउटर झगमगत होता आणि डबी बंद.